मालकाने बोलायचं नाही

सर कुठल्याही नव्या इमारतीचा जिना डोळे मिटून चढत. चपला खाली काढलेल्या, हात पाठीमागे बांधलेले, आणि आम्ही पोरं श्वास रोखून खाली उभी. पायऱ्या एकसारख्या असतील तर पाय आपोआप पडतो, एखादी जरी उंच-ठेंगणी निघाली तरी माणूस अडखळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरंच आहे. पण ते सिद्ध करायला स्वतः आपटायची काय गरज होती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. घाटकोपरच्या एका नव्या इमारतीत ते पहिल्या मजल्याच्या अलीकडेच असे पडले की पुढचा दात अर्धा गेला. आम्ही धावलो. त्यांनी आम्हाला हातानेच थांबवलं, रुमाल तोंडाला लावला, डोळे उघडले, मागे वळून पाहिलं आणि कंत्राटदाराला म्हणाले, "ही पायरी."

कंत्राटदार बिचारा डॉक्टर, डॉक्टर करत होता. सर म्हणाले, "दात माझा आहे. पायरी तुमची आहे. तुम्ही पायरीचं बघा."

तो दात त्यांनी कधी नीट करून घेतला नाही. बोलताना तिथून थोडी हवा सुटायची आणि त्यांचं साधं वाक्यसुद्धा धमकीसारखं ऐकू यायचं.

दुसरी खोड तांब्याची. पिशवीत कायम एक पितळी तांब्या. नवी मोरी, नवी गच्ची, नवा व्हरांडा दिसला की नळावर तांब्या भरायचा, फरशीवर ओतायचा आणि पाणी कुठे जातं ते बघत उकिडवं बसायचं. ज्याने नकाशा काढला तो शेजारी घामाघूम. पाणी जाळीकडे गेलं तर सर काही न बोलता उठत. पाणी खोलीकडे वळलं तरी काही न बोलता उठत, पण जाताना तांब्या त्या माणसाच्या हातात देत. भर बाजारात कुणी कानाखाली वाजवली असती तर ते परवडलं असतं, असं आमच्यातला एकजण म्हणायचा.

आणि नावं! आईबापांनी ठेवलेल्या नावाने सरांनी कधी कुणाला हाक मारली नाही. तुमच्या पहिल्या नकाशातली पहिली चूक, ते तुमचं नाव. चेंबूरच्या एका उंच पोराने पहिल्याच नकाशात बैठकीच्या खोलीच्या मधोमध खांब आणून ठेवला होता, तो 'खांब'. अंधेरीच्या एकाच्या घरात मोरीला दारच नव्हतं, तो 'मोरी'. मी चूल अशा भिंतीला लावली होती की सगळा धूर निजायच्या खोलीत जावा. मी 'धूर'. "धूर, पुढे ये," असं चारचौघांत म्हटल्यावर पुढे जायला जे काही लागतं ते माझ्याकडे फारसं नव्हतं, पण जायची मात्र.

तो काळ पन्नासनंतरचा. आम्ही नुकतेच आर्किटेक्टची परीक्षा पास होऊन फोर्टातल्या मोठमोठ्या ऑफिसांत चिकटलेलो. ऑफिसं मोठी, कामं मोठी, आम्ही कुठेच नाही. दारं-खिडक्यांचे तपशील ट्रेस करता करता केस पिकलेली माणसं आमच्याच टेबलांवर बसलेली दिसत, आणि आपलं पुढे काय होणार ते बघायला ज्योतिषाकडे जावं लागत नसे. गावात, म्हणजे फोर्टाकडे, कधीमधी या धंद्याची व्याख्यानं होत. पुढच्या रांगांत सुटातले बडे लोक, मागच्या रांगेत आम्ही उपनगरातले. चहाच्या वेळी कुणी आमचं नाव विचारत नसे. विचारलं तर ऑफिसच्या मालकाचं नाव विचारत.

माझी तर आणखीनच गंमत. आमच्या मालकांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "तुझं लेटरिंग फार सुरेख आहे. तू लेटरिंगच कर. साइट म्हणजे बाईमाणसाची जागा नाही." झालं. दुसऱ्यांच्या इमारतींवर मी सुरेख अक्षरात दुसऱ्यांची नावं लिहीत बसले. एकही वीट रचताना पाहिली नाही. घरी आई विचारायची, काय बांधलंस आज? मी म्हणायची, नावं.

म्हणून रविवारची सरांची बैठक. घाटकोपरला टेकडीच्या बाजूला एका दुमजली घरात वरच्या दोन खोल्या त्यांच्या. बाहेरच्या खोलीत त्यांचं ऑफिस, म्हणजे एक ड्रॉइंग बोर्ड, एक बाक आणि भिंतीवर खिळे. त्यांची स्वतःची कामं म्हणजे कुणाची गळकी गच्ची, कुणाचा खचलेला जिना. मोठं काम मागायला ते कधी कुणाकडे गेले नाहीत आणि देणाऱ्यालाही बहुधा त्यांच्या तांब्याची भीती वाटत असावी. पण दर रविवारी सकाळी तिथे मुलुंडपासून अंधेरीपर्यंतची पोरं गुंडाळलेले नकाशे घेऊन येत. आतल्या खोलीत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पोहे करत. काकू मालवणच्या. आमच्याशी त्या फार बोलत नसत, पण कुणाचा नकाशा फाडला गेला त्याच्या बशीत खोबरं जरा जास्त पडे.

बैठकीचा नियम एकच होता. स्वतःच्या नकाशावर स्वतः बोलायचं नाही. काकूंच्या कणकेच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी येईल त्याचा नकाशा तुम्ही भिंतीवर लावायचा, जरा वेळ वाचायचा आणि मग तो तुमचाच आहे असं समजून सगळ्यांशी भांडायचं. ज्याचा खरा असेल त्याने मागे बाकावर गप्प बसायचं. "मालकाने बोलायचं नाही," सर म्हणत. मालक म्हणजे नकाशाचा मालक. "स्वतःच्या नकाशाबद्दल माणूस वकिली करतो. दुसऱ्याचा असला की आधी वाचावा लागतो. आणि इमारत बांधून झाल्यावर तुम्ही काय दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगणार आहात? कागदावर नाही ते इमारतीत नाही."

ऐकायला छान वाटतं. बाकावर बसून बघा. तुमची पोटच्या पोरासारखी जपलेली खिडकी कुणीतरी भलतीच समजतो, दुसरा तिला हसतो, तिसरा पेन्सिलीने तिच्यावर फुली मारतो, आणि तुम्ही तोंडात मूठ घालून बसता. बोरिवलीहून एक हुशार मुलगा यायचा. एके रविवारी त्याला राहवलं नाही. "सर, ते दार नाही हो, कपाट आहे!" एवढंच बोलला.  सर खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "कागद गुंडाळ." त्याला वाटलं थट्टा आहे. सर पुन्हा म्हणाले, "कागद गुंडाळ आणि घरी जा. रविवारी यायचं नाही." तो गेला. त्यानंतर महिनाभर आम्ही बाकावर बसलो की खोकायलासुद्धा घाबरत होतो.

मला सरांचा राग येत असे का? येत असे. पण सबंध आठवड्यात तेवढी एकच जागा होती जिथे माझ्या रेघेवर कुणी भांडत होतं. तो रविवार गेला असता तर मी फक्त अक्षरं काढणारी बाई उरले असते.

मग मुलुंडच्या सोसायटीचं काम आलं. गिरगाव-परळच्या चाळींतून राहणारी काही कारकून, मास्तर मंडळी एकत्र आली आणि त्यांनी मुलुंडला एक प्लॉट घेतला. त्यांचे अध्यक्ष एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, कोटाची सगळी बटणं लावणारे. कुणाची तरी गच्ची सरांनी नीट करून दिली होती म्हणून ते सरांकडे आले. सर म्हणाले, "मी करणार नाही. माझी मुलं करतील."

अध्यक्षांना आधी वाटलं, सरांची खरीच मुलं आहेत. सरांनी समजावलं. तीन नकाशे दाखवीन, सगळ्या सभासदांनी बसून एक निवडायचा. ज्याचा निवडाल तो इमारत उभी करील, साइटवरच्या पाटीवर त्याचं नाव. सरकारी कागदांवर सही माझी, चुकलं तर मान माझी. अध्यक्षांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण सरांच्या सहीवर भरवसा होता. तयार झाले.

काम कुणाला मिळणार, ह्या विचाराने त्या उन्हाळ्यात आमची डोकी फिरायची वेळ आली. सरांनी तिघांची नावं काढली: मोरी, खांब आणि मी. खांबाला त्याच्या ऑफिसातून कामावरून काढल्यात जमा होतं. तो चेंबूरला भावाकडे राहायचा. मला म्हणाला, "हे हातचं गेलं ना धूर, तर भाऊ मला कुठेतरी कारकुनी चिकटवणार. मग वाट लागली बघ. परत बोर्डावर बसणं नाही." मी काय सांगणार? माझंही तेच. हे मिळालं तर एका इमारतीच्या पाटीवर माझं नाव लागणार होतं, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांची नावं.

माझ्या नकाशात एक गोष्ट होती, त्याबद्दल आधी सांगायला हवं. आम्हीही आधी गिरगावात चाळीत होतो. मग वडिलांनी घाटकोपरला ब्लॉक घेतला. स्वतंत्र दार, स्वतंत्र मोरी, दारावर पितळी पाटी. काय तो आनंद! आणि तिथे एका दुपारी आई स्वयंपाकघरात घसरून पडली. हात मोडला, उठता येईना. भिंतीपलीकडे शेजारीण पापलेट तळत होती, आईला तो वास येत होता, पण आईची हाक पलीकडे जाईना. बाबा आणि मी संध्याकाळी परतलो तोवर ती तशीच पडून होती. तिचा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. चाळीत दूध उतू गेलं तरी चार बायका धावत आल्या असत्या.

म्हणून मी मुलुंडच्या नकाशात दारं पुढून स्वतंत्र ठेवली, अगदी ब्लॉकसारखी, आणि मागच्या बाजूने प्रत्येक मजल्यावर सगळ्या स्वयंपाकघरांना जोडणारी एक गॅलरी काढली. मध्ये एकही भिंत नाही. पुढे पाटी लावून राहा, मागे एकमेकींच्या हाकेत राहा. पण आई कागदावर काढता येत नाही. कागदावर होत्या दोन समांतर रेघा.

सभा मुलुंडच्या एका शाळेत, रविवारी दुपारी. पत्रे तापलेले, बाकांवर सभासद, मागे त्यांच्या बायका पदराने वारा घेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत काकूंचा डबा उघडला गेला, कारण सरांनी आपला नियम तिथेही आणलाच होता. अध्यक्षांना एवढंच सांगितलं होतं की कुठला नकाशा कुणाचा ते निवड झाल्यावर कळेल. मला आला मोरीचा, मोरीला खांबाचा, खांबाला माझा. चिठ्ठी उलगडून खांब माझ्याकडे बघायला लागला. तो माझं अक्षर ओळखत होता.

मी मोरीच्या नकाशासाठी जीव तोडून भांडले. सभासद कौतुकाने हसत होते. एकाने विचारलं, "मुली, हे तुला वडिलांनी शिकवलं का गं?" मोरी खांबाच्या नकाशावर बोलला, जरा चाचरत, पण नीट बोलला. मग खांब उठला. मी मागे जाऊन बायकांमध्ये बसले.

खांबासारखं बोलणारा आमच्यात कुणी नव्हता. त्याने प्रत्येक खोलीत त्या लोकांना हाताला धरून फिरवून आणलं. देव कुठे, पाळणा कुठे, म्हाताऱ्यांची खाट कुठे. माणसं पुढे सरकून बसली. माझं घर मला इतकं चांगलं असेल असं वाटलं नव्हतं. मग अध्यक्षांनी चष्मा वर केला. "ही मागे काय भानगड आहे? गॅलरी?"

"हो. हवेसाठी आहे," खांब म्हणाला. "मागून वारा येतो."

"वारा येतो ते ठीक. पण चाळीतून सुटायला आम्ही सोसायटी काढली, आणि तुम्ही परत गॅलरी देताय?" लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले, "मध्ये भिंती घाला. ज्याची त्याची बाल्कनी होईल. झकास."

 हवेसाठी नाही रे, हवेसाठी नाही! सर दाराशी उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यामुळेच मला कळलं की त्यांचं लक्ष माझ्याकडे आहे. खांब भिंती घालू म्हटला असता तर विषय संपला असता आणि त्याचा स्वतःचा नकाशा पुढे सरकायलाही मदतच झाली असती. पण तो नियमाला जागला. म्हणाला, "भिंती घातल्या तर वारा कोंडेल. बघा विचार करून." बरीच वादावादी झाली. शेवटी, गॅलरीचं नंतर ठरवू, असं म्हणून हात वर झाले. मोरीच्या नकाशाला थोडे, खांबाच्याला थोडे आणि माझ्याला उरलेले सगळे.

अध्यक्षांनी खांबाचा हात हातात घेतला. "शाब्बास! कधी सुरुवात करणार?"

सर पुढे आले. "नकाशा त्याचा नाही. तिचा आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळी डोकी मागे वळली. माझ्या शेजारची बाई जरा बाजूला सरकली, मी सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. अध्यक्षांनी खांबाचा हात सोडला नाही. म्हणाले, "वा, वा. छान काढलाय हो. पण साइट म्हणजे गडी, कंत्राटदार, परांच्या चढणं. मुलगी तिथे एकटी कशी उभी राहणार? असं करू, नकाशा तिचा आणि बांधणारा हा. पाटीवर याचं नाव राहू दे. तिलाही काही वाटायचं कारण नाही, घरचंच काम आहे."

खांब खाली चपलांकडे बघत होता. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्याची अडचण मला माहीत होती, म्हणून मी त्याला दोष दिला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी दिला.

सर फळ्यापाशी गेले आणि माझ्या नकाशाच्या पिना काढायला लागले.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"ज्याचा नकाशा त्याचं नाव. नाहीतर नकाशा नाही. तिन्ही नकाशे परत घेऊन जातो."

"अहो, पण मग आम्ही फोर्टातल्या कुणाकडे तरी जाऊ."

"जा."

अध्यक्षांचा आवाज चढला. लोक उठायला लागले, बाकं सरकली. मोरी सरांना म्हणत होता, "सर, सर, जरा थांबा ना." एक कोपरा सुटून माझा नकाशा फळ्यावर तिरका लोंबायला लागला. मला सरांचाच संताप आला. माझं नाव, माझा नकाशा, आणि मला कुणी विचारायचं नाही? तत्त्व सरांचं सांभाळलं जाणार, काम तिघांच्याही हातून जाणार, आणि त्या माणसांना फोर्टातला कुणीतरी एकमेकांची हाक ऐकू न येणारे ब्लॉक बांधून देणार. माझी आई पुन्हा कुणाच्या तरी घरात पडणार.

"सर, पिना काढू नका!"

इतके रविवार बाकावर गप्प बसल्यामुळे असेल, पण आवाज फार मोठा निघाला. सरांचा हात पिनेवरच थांबला. मोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जिन्यावरून पडतेय आणि त्याला धरता येत नाहीये. पण मी पोचले होते फळ्यापाशी. सुटलेला कोपरा पुन्हा लावला आणि अध्यक्षांकडे नाही, बायकांकडे तोंड करून उभी राहिले.

"ती गॅलरी वाऱ्यासाठी नाही," मी म्हटलं. "खांबाने... ह्यांनी मनापासून सांगितलं, पण ते खरं नाही. माझी आई स्वयंपाकघरात पडली, तेव्हा भिंतीपलीकडे शेजारीण होती आणि तिला कळलं नाही." मग सगळं सांगितलं. हात कसा वाकडा राहिला तेही.  "दारं तुमची वेगळीच आहेत. पाट्या लावा, कड्या लावा. पण मागे भिंत घालायची असेल तर हा नकाशा घेऊ नका. दुसरा कुठलाही घ्या, तेही चांगले आहेत. आणि बांधणारी मी. कारण बांधताना कुणीतरी तिथे भिंत घालणारच, आणि मी नसले तर ती राहील."

  मग पुढच्या बाकावरून एक बाई उठल्या. नऊवारी, हातात छत्री. सभासदांत त्या एकट्याच बाई. परळच्या शाळेत शिक्षिका होत्या.

"अध्यक्ष, तुमची अडचण काय? मुलगी साइटवर एकटी कशी राहणार, हीच ना?"

"हो, म्हणजे जग कसं आहे..."

"मग एकटी नको. मी येईन हिच्याबरोबर. शाळा सकाळची असते, दुपारी मोकळीच आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "बुधवारी मी येईन की." मग दुसरी म्हणाली, तिसरीने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचा नवरा वर छताकडे बघायला लागला. अध्यक्षांनी कोटाचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं. "सर, सही मात्र तुमची," म्हणाले. सर म्हणाले, "सही माझी. पाटीवर नाव तिचं." झालं, ठरलं.

लोक पांगले. खांब माझ्याजवळ आला. "च्यायला, ती गॅलरी तुझ्या आईसाठी होती! मला आधी सांगायचं ना गं. मी काय भांडलो असतो!"

"नियम होता ना रे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. माझं मन त्याच्याबद्दल पूर्ण साफ झालं होतं असं नाही, पण हसलो.

सर पिना डबीत भरत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकणार, तेवढ्यात ते म्हणाले, "धूर, कागद गुंडाळ."

मी तशीच उभी राहिले. "सर, नकाशा निवडलाय त्यांनी."

"निवडला. चांगला आहे. काही अडलं तर साइटवर बोलव, येईन. रविवारी यायचं नाही."

मला वाटलं, रागात आहेत, आठवड्यात निवळतील. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी टेकडीच्या बाजूचा तो जिना चढले. दार सरांनीच उघडलं, पण अंग दारातच ठेवलं. आत बाकावर पोरं दिसत होती. माझी जागा रिकामी नव्हती. तिथे कुणी नवीन मुलगा बसला होता.

"मालक बोलला," सर म्हणाले. "तुझ्यासाठी नियम सोडला तर उद्या सगळेच बोलतील."

"मग बोलू देत ना, सर!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  "इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यावर बसले. काम मिळालं होतं, नाव लागणार होतं, फोर्टातली नोकरी सोडल्याचं पत्र दिलं होतं, आणि मी लहान मुलीसारखी हुंदके देत होते. मागच्या दाराने काकू आल्या. हातात पोह्यांची बशी. माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"रडा नको गो," म्हणाल्या. "खा. थंड जातले."

"काकू, ते असं का करतात?"

"तेंच्या मनात काय आसा ता माका पण कळणा नाय. इतकी वर्सां झाली."

आत खांब कुणाच्या तरी नकाशासाठी भांडत होता. शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण आवाजावरून कळत होतं की त्याने नकाशा चांगला वाचलाय. मोरी काहीतरी हरकत घेत होता. त्या भांडणात माझं काहीच नव्हतं, आणि ते मला फार लागलं. ती शिक्षा होती की दुसरं काही, हे मला सर गेल्यावरही ठरवता आलेलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बशी काकूंच्या हातात दिली, डोळे पुसले आणि मुलुंडला गेले. प्लॉटवर शिक्षिकाबाई छत्री उघडून उभ्या होत्या. त्यांच्यासोबत आणखी पाचसात बायका आल्या होत्या, नवऱ्यांना घरी मुलं सांभाळायला ठेवून. आपलं स्वयंपाकघर नेमकं कुठे येणार ते त्यांना जमिनीवर बघायचं होतं. मी चुन्याच्या फक्कीचा डबा घेतला, गवत पायाने दाबलं आणि मागच्या बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरीची पांढरी रेघ ओढली. बायका तिच्यावर जाऊन उभ्या राहिल्या, एकमेकींना हाका मारून बघायला लागल्या.

"आणि भिंत कुठे येणार हो?" एकीने विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हणाले, आणि ते म्हणताना सर तिथे हवे होते असं मला फार वाटलं.